एप्रिलमध्ये कुठला डेंग्यू?

माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलाला एका एप्रिलमध्ये ताप भरला. पोर अकरा वर्षांचं. तिसऱ्या दिवशीही ताप उतरेना, डोळ्यांच्या मागे दुखतंय म्हणू लागला, तेव्हा त्याला दवाखान्यात नेलं. मी डॉक्टरांना सहज विचारलं, डेंग्यू तर नसेल? ते हसले. म्हणाले, "एप्रिलमध्ये कुठला डेंग्यू? ऊन लागलंय त्याला." तापाच्या गोळ्या आणि ओआरएसची पाकिटं घेऊन आम्ही घरी आलो. पाचव्या दिवशी त्याच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. मग दुसरीकडे पळवलं, रक्त तपासलं, प्लेटलेट खाली आलेल्या होत्या आणि डेंग्यूच निघाला. बहीण सात रात्री त्याच्या उशाशी बसून होती. पोरगा वाचला, अल्हम्दुलिल्लाह.

त्या डॉक्टरांवर राग काढायला मी हे लिहीत नाही. बाहेर बेचाळीस अंश तापमान होतं. नदी कोरडी, नाला कोरडा, गावात चिखल म्हणून कुठे दिसत नव्हता. आपण सगळे जे धरून चालतो तेच त्यांनी धरलं होतं: डास पावसाळ्यात येतात आणि पुढे निघून जातात.

निघून जातात म्हणजे कुठे जातात? हा प्रश्न मला त्या सात रात्रींत पहिल्यांदा पडला, आणि नंतर मी त्याच्या मागे लागलो. जे वाचलं त्यावरून माझं मत असं झालंय की डास कुठे जात नाहीत. ऋतू बदलतो तसं त्यांचं शरीर बदलतं आणि ते थांबून राहतात. आपली आरोग्य खाती, आपले डॉक्टर आणि आपण घरचे लोक मात्र आभाळाकडे बघून डासांचा हिशेब मांडतो. हा हिशेब चुकतो, आणि चुकीचा सगळ्यात मोठा वाटा त्यांच्या पदरात पडतो ज्यांच्या नळाला पाणी कमी येतं.

आपल्यापेक्षा कडक उन्हाळा जिथे आहे तिथली गोष्ट आधी सांगतो. आफ्रिकेत माली हा देश आहे. सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेच्या पट्ट्याला साहेल म्हणतात. शब्द अरबी, साहिल म्हणजे किनारा. वाळूच्या समुद्राचा किनारा. तिथे पावसाचे काही महिने सरले की पुढे सहा-सात महिने कित्येक गावांच्या आसपास डबकंही उरत नाही. मलेरिया पसरवणारी अ‍ॅनोफिलीस डासाची मादी एरवी फार तर महिनाभर जगते. पाणी नाही म्हणजे अंडी घालायला जागा नाही, अळ्या नाहीत, नवी पिढी नाही. मग पुढचा पहिला पाऊस पडल्यावर थोड्याच दिवसांत घराघरांत मोठ्या संख्येने डास दिसायला लागतात, ते कुठून येतात? काहींचं म्हणणं होतं वाऱ्याबरोबर लांबून येतात, आणि काही जातींच्या बाबतीत ते खरंही आहे. पण मालीतल्या थिएरोला नावाच्या गावात मालीच्या आणि अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी पावसाळ्याच्या शेवटी हजारो डास पकडले, त्यांच्या अंगावर रंगाची खूण केली आणि सोडून दिले. सात महिन्यांनी, कोरडा काळ संपता संपता, खूण असलेली एक मादी त्याच गावात पुन्हा सापडली. २०१० मध्ये हे प्रसिद्ध झालं. हजारोंत एक, म्हणून कुणी नाक मुरडेल. पण महिनाभराच्या आयुष्याचा जीव सात महिने काढतो, हे दाखवायला एक मादी पुरते. पुढे २०२२ मध्ये त्याच मंडळींनी अळ्यांच्या पाण्यात ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, मिसळून डासांच्या शरीरातच खूण उतरवली आणि कोरड्या काळानंतर तशा खुणेचे डास पुन्हा सापडले.

त्याच्याही कितीतरी आधी, १९७० च्या सुमारास, सुदानमध्ये ओमर आणि क्लाउडस्ली-थॉम्पसन यांना नऊ महिन्यांच्या कोरड्या ऋतूत टिकून राहिलेल्या माद्या सापडल्या होत्या. त्या अधूनमधून रक्त पीत, पण पोटात अंडी तयार होत नसत. एरवी मादी रक्त पिते ते अंड्यांसाठीच. दोन-तीन दिवसांत त्या रक्ताची अंडी होतात, ती घालून ती पुन्हा चावायला मोकळी. या माद्यांच्या शरीरात रक्त आणि अंडी यांचं नातंच तात्पुरतं तुटलं होतं. पाणी येईपर्यंत बाळंतपण पुढे ढकललं होतं म्हणा.

थंड देशांतला क्युलेक्स पिपियन्स हा डास याहून हिशेबी. शरद ऋतूत दिवस लहान व्हायला लागले की अळी आणि कोष या अवस्थांतच त्याला ते कळतं. त्या दिवसांत कोषातून बाहेर पडलेली मादी रक्ताकडे बघतही नाही. ती फुलांचा रस, फळांचा रस पीत सुटते, अंगात नेहमीच्या दुप्पट चरबी साठवते, तिचे अंडाशय वाढायचे थांबतात, आणि नराशी मीलन उरकून ती एखाद्या तळघरात किंवा पुलाखालच्या मोरीत भिंतीला चिकटून वसंताची वाट बघते. न्यूयॉर्कमध्ये १९९९ साली वेस्ट नाइल विषाणूची साथ आली. थंडी पडली, साथ थांबली, लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. २००० च्या जानेवारी-फेब्रुवारीत तळघरांसारख्या जागांतून असे दडलेले डास गोळा करून तपासले, तर काहींच्या शरीरात विषाणू होता.

आपला हिजरी महिना दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. म्हणून आपण रमजान मेच्या उन्हातही पाहिलाय आणि जुलैच्या चिखलातही. डासाचं कॅलेंडर मात्र पक्कं सूर्यावरचं आहे. त्याला चंद्रदर्शनाची भानगड नाही.

आता आपल्याकडे. महाराष्ट्रात गटारांत वाढणारा क्युलेक्स हा त्या थंड देशांतल्या डासाचा भाऊबंद, पण त्याला हिवाळ्याची अशी झोप येत नाही; गटार बारा महिने वाहतं, तोही बारा महिने असतो. डेंग्यू आणि चिकनगुनिया पसरवणारी एडिस इजिप्ती ही काळी, पायांवर पांढरे पट्टे असलेली, दिवसा चावणारी मादी. ती थांबते ती अंड्यात.

ही अंडी एक मिलिमीटरहूनही लहान. ती पाण्यात पडत नाहीत. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, पिंपाच्या किंवा रांजणाच्या ओल्या भिंतीला एकेक करून चिकटवली जातात. आधी पांढरी, दोन-तीन तासांत काळी. दोन-तीन दिवसांत आत अळी पुरी तयार होते. पण ती बाहेर येत नाही. पाण्याची पातळी वर येऊन अंडं बुडेपर्यंत ती कवचात तयार बसून राहते. कवचाला आतून एक अस्तर असतं, त्यामुळे आतला ओलावा टिकतो. अशी वाळलेली अंडी सहा महिने, कधी त्याहूनही जास्त जगतात. बेंगळुरूच्या इनस्टेम आणि मंडीच्या आयआयटीतल्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवलं की वाळताना अंड्याच्या आतली रसायनंच बदलतात: पॉलिअमाइन नावाचे रेणू वाढतात, ते वाळण्याच्या इजेपासून सांभाळतात, आणि साठवलेली चरबी जाळून जीव धुगधुगत राहतो. वाट फार लांबली तर चरबी संपत येते, अळी अशक्त निघते. पण निघते. आणि पाणी आल्यावर सगळी अंडी एकदम फुटत नाहीत. काही पहिल्या पाण्याला, काही दुसऱ्या-तिसऱ्या. म्हणजे पहिलं पाणी फसवं निघालं तरी सगळं कुळ बुडत नाही.

हे वाचल्यावर मी बहिणीच्या मोरीतल्या निळ्या पिंपात टॉर्च मारला. पाण्याच्या वर चार बोटं, भिंतीवर काळे ठिपके होते. काजळी वाटावी असे. ते पिंप ती दर आठवड्याला रिकामं करत होती. घासत नव्हती.

तिच्या मोहल्ल्यात पाणी पाच-सहा दिवसांनी येतं. उन्हाळ्यात त्याहून लांबतं. म्हणून घरात दोन पिंपं, एक सिमेंटची टाकी, अम्मीच्या वेळचा रांजण आणि झाकणं हरवलेल्या बादल्या. पाणी आलं की सगळं काठोकाठ भरायचं. आता हे डासाच्या अंड्याच्या बाजूने बघा. पाच-सहा दिवस पातळी खाली जाते, भिंत उघडी पडते, मादी तिथे अंडी चिकटवते, अळी आत तयार होते. सहाव्या दिवशी पाणी वर चढतं आणि अंडी बुडतात. तिच्यासाठी तो पाऊसच. बाहेर आभाळ कोरडं ठणठणीत आणि मोरीत दर सहा दिवसांनी मृग नक्षत्र निघतं. एप्रिलमध्ये डेंग्यू कुठून आला याचं उत्तर तिथे होतं.

उरला प्रश्न बेचाळीस अंशांचा. एवढ्या उष्णतेत उडणारा डास टिकत नाही, हे खरं. पण तो बाहेर नसतोच. तो पलंगाखाली, टांगलेल्या कपड्यांच्या मागे, कूलरच्या ओलाव्याजवळ असतो, जिथे आपण पारा तिशीच्या आसपास आणायला धडपडत असतो. कूलरची टाकी तर त्याला पाळणाही होते. शिवाय कोरड्या हवेत त्याच्या अंगातलं पाणी कमी होतं. अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं की असे तहानलेले डास जास्त हालचाल करतात आणि रक्त प्यायला जास्त धावतात. रक्त त्यांना पाणी म्हणूनही लागतं. उन्हाळ्यातल्या गरम पाण्यात अळ्या भराभर वाढतात आणि डास अंगाने लहान निघतात. लहान म्हणजे दुबळे असं समजून निश्चिंत होऊ नये. लहान मादीच्या अंगात साठा कमी, तिला अंड्यांसाठी एकापेक्षा जास्त वेळा रक्त लागू शकतं, आणि प्रत्येक वेळ म्हणजे एक नवा माणूस.

सगळ्यात महत्त्वाचं घड्याळ मात्र तिच्या पोटात असतं. डेंग्यूच्या रुग्णाला चावली की लगेच ती दुसऱ्याला रोग देऊ शकत नाही. विषाणू पोटातून निघून लाळेच्या ग्रंथींपर्यंत पोचायला दिवस लागतात. २५ अंशांना सरासरी पंधरा दिवस, ३० अंशांना साधारण साडेसहा. मादीचं आयुष्यच दोन-तीन आठवड्यांचं असेल, तर पंधरा दिवसांच्या हिशेबात बहुतेक माद्या रोग द्यायच्या आधीच मरतात. साडेसहाच्या हिशेबात बऱ्याच उरतात. पाच अंशांचा फरक. मलेरियाचंही असंच. त्यातल्या घातक प्रकारचा परजीवी साधारण १८ अंशांच्या खाली डासाच्या पोटात वाढतच नाही.

डासाच्या पोटातलं हे घड्याळ पहिल्यांदा दिसलं ते आपल्या शेजारी, सिकंदराबादला. १८९७ चा ऑगस्ट, दमट हवा. रोनाल्ड रॉसने मलेरियाच्या एका रुग्णाला डास चावू दिले, दर डासामागे एक आणा देऊन. १६ ऑगस्टला डासांनी रक्त प्यायलं. २० तारखेला, म्हणजे चौथ्या दिवशी, एका डासाच्या पोटाच्या भिंतीवर त्याला परजीवीच्या गाठी दिसल्या. दुसऱ्या दिवशी शेवटच्या डासात त्या आणखी मोठ्या झालेल्या. पंखा चालू केला तर डास उडून जातील म्हणून तो घामाने निथळत बसला होता, हे शाळेच्या पुस्तकांतही सापडतं. १९०२ मध्ये त्याला नोबेल मिळालं. ज्याच्या रक्तावर हे झालं त्याचं नाव हुसेन खान. त्याच्याविषयी आपल्याला जेमतेम एवढंच माहीत आहे की तो तापाने आजारी होता आणि त्याला दहा डासांचे दहा आणे मिळाले. मला हा माणूस सारखा आठवतो. डासांच्या बाबतीत शास्त्र ज्यांच्या अंगावर शिकलं, त्यांच्या घरापर्यंत ते शास्त्र पोचायला मात्र फार वेळ लागतोय.

पुण्यातल्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या सोफिया याकूब, रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०२५ च्या जानेवारीत पुण्यातल्या डेंग्यूचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: पावसाळ्यात सरासरी तापमान २७ ते ३५ अंश, हवेत ६० ते ७८ टक्के ओलावा आणि बेताचा पण रोज विखरून पडणारा पाऊस, हे जुळलं की डेंग्यूचे रुग्ण आणि मृत्यू वाढतात. आठवड्याला १५० मिलिमीटरहून जास्त कोसळला तर उलट अंडी-अळ्या वाहून जातात. तापमान असंच वाढत राहिलं तर पुण्यातले डेंग्यूचे मृत्यू येत्या दशकांत आणखी वाढतील, असाही त्यांचा अंदाज आहे. म्हणजे किती पाऊस पडला एवढं विचारून भागत नाही; तो कसा पडला, किती दिवसांच्या अंतराने पडला, हेही विचारावं लागतं. आणि ज्या घरात नळच अंतराअंतराने बरसतो, तिथे?

आपलं सरकारी वेळापत्रक पावसाला धरून आहे. १६ मे राष्ट्रीय डेंग्यू दिन, जून हिवताप विरोधी महिना, जुलै डेंग्यू विरोधी महिना. यात वाईट काही नाही. पण जमिनीवर काम सुरू होतं ते रुग्ण सापडल्यावर, आणि काम म्हणजे धूर. आमच्याकडेही भाच्याचा रिपोर्ट गेल्यावर धुराचं मशीन आलं. पोरं मागे धावली, फोटो निघाले. धुराने मरतो तो उडणारा डास, तोही धूर अंगाला लागला तर. भिंतीला चिकटलेल्या अंड्याला त्याची खबरही नसते. हे काम करणारी पोरं कंत्राटी, तोंडाला रुमाल बांधून दिवसभर तो धूर स्वतःच ओढणारी. त्यांना काय बोलणार.

त्या दिवशी आलेल्यांपैकी एक जण गटाराकडे बोट दाखवून म्हणाला, "मोहल्ला असा ठेवल्यावर डास होणारच." आमच्यातल्याही दोघा-तिघांनी माना डोलावल्या. मला तेव्हा उत्तर सुचलं नव्हतं, म्हणून आता देतो. गटार तुंबलंय ते तुंबलंय, ते साफ व्हायलाच हवं, त्यात हत्तीरोगाचा डास वाढतो. पण माझ्या भाच्याला डेंग्यू गटारातून झाला नाही. तो बहिणीने गाळून, झाकून, जपून ठेवलेल्या प्यायच्या पाण्यातून झाला. एडिसला घाण नको असते, तिला साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं. आणि पाणी कुणी हौसेने साठवत नाही. ज्या वस्तीत रोज नळ येतो तिथे पिंप लागत नाही, पिंप नाही म्हणजे भिंतीवरची अंडी नाहीत. डेंग्यूचा नकाशा काढायचा असेल तर पाणीपुरवठ्याच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून काढावा. "मुसलमानांचे मोहल्ले घाणेरडे" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. दलित वस्त्यांनी त्याहून जुनं ऐकलंय. निदान या रोगाच्या बाबतीत ते डासशास्त्राला धरूनही खोटं आहे.

आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, सगळी भांडी रिकामी करा, असं सांगणारी आशाताई बहिणीच्या दारी आली होती. बहिणीचं उत्तर: "पानी फेंकू तो पिऊं क्या?" ताई हसली. तिच्या घरीही पाणी पाच दिवसांनीच येतं.

माझ्या मते जे करायला हवं ते फार मोठं नाही. काम फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू व्हावं, मादी आणि तिची अंडी सगळ्यात कमी जागांत अडकलेली असतात तेव्हा. पावसाळ्यात छतावरचं टायर, फुटकी कुंडी, नारळाची करवंटी, शंभर जागा होतात. मार्चमध्ये फक्त आपली मोरी आणि आपली टाकी असते. रिकामं करण्यापेक्षा घासणं महत्त्वाचं: काथ्याने, पाण्याच्या रेषेपासून काठापर्यंत, आणि ते पाणी अंगणात मातीत ओतायचं, दुसऱ्या भांड्यात नाही. टाकीला घट्ट झाकण किंवा कापड, आणि जी टाकी रिकामी होतच नाही तिच्यात गप्पी मासे. आमच्या मशिदीत वुजूचा जुना हौज आहे. त्यात मासे होते, नळ बसवल्यावर ते कुणी पाहीनासं झालं आणि हौज अर्धा भरून तसाच पडला. कमिटीशी बोललो. मासे परत आलेत. जुम्याच्या आधी इमामसाहेबांनी दोन मिनिटं पिंप घासण्यावर बोलावं, अशीही विनंती केली. ते म्हणाले, पावसाळा लागू द्या मग बोलू. त्यांना हे सगळं पुन्हा सांगावं लागणार आहे.

आणि डॉक्टरांनी महिना विचारून डेंग्यू नाकारू नये. तिसऱ्या दिवशी एक तपासणी लिहून दिली असती तर उन्हाळा काही बदलला नसता, पण बहिणीच्या दोन रात्री वाचल्या असत्या.

पिंप घासायची खरी वेळ म्हणजे पाणी यायच्या आदल्या संध्याकाळी, तळाशी दोन तांबे उरलेले असतात तेव्हा. त्यासाठी पाणी कधी येणार हे आधी कळावं लागतं. पालिकेकडे आम्ही मोहल्ल्यातल्या साठ-सत्तर घरांच्या सह्यांचा अर्ज दिलाय: पाणी रोज देता येत नसेल तर नका देऊ, पण दिवस आणि वेळ तेवढी पक्की सांगा. अर्जाची पोच मिळाली आहे. गेल्या आठवड्यात पाणी सातव्या दिवशी आलं, रात्री दोनला. बहीण झोपेतून उठून पाइप लावायला धावली. घासायचं राहून गेलं.